एकशे एकतीस अंश

सोमवार, ६ जानेवारी

नवी नोकरी, म्हणून नवी वही. अठरा वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, मग विभागच बंद झाला. त्यानंतरची दोन वर्षं घरात बसून मी फक्त नवऱ्याच्या चुका मोजल्या. आता पुन्हा कामाचं काहीतरी मोजायला मिळणार, याचा मला पोरकट म्हणावा इतका आनंद झाला आहे.

काम असं. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत बसून तीन हजार माणसांच्या खुब्यांचे स्कॅन मोजायचे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा केवढा, तो बसतो ते उखळ किती खोल आणि गोळ्याला हाडाशी जोडणारी मान किती अंशांत वळते. या मापांवरून कृत्रिम सांधे कोणत्या आकारांचे बनवायचे ते ठरणार आहे. स्कॅनवर नाव नसतं, नुसता क्रमांक.

लिफ्ट बंद होती. चौपन्न पायऱ्या. मी अर्ध्यावर श्वास घेत उभी असताना एक पन्नाशीतले गृहस्थ दोन-दोन पायऱ्या टाकत मागून आले आणि म्हणाले की बाई, कठडा हॉस्पिटलचा आहे, घरी नेता येणार नाही, सोडा आता. हेच माझ्या शेजारच्या टेबलावरचे मापनीस. रोज दीड तास चालत कामावर येतात आणि सुट्टीच्या दिवशी विश्रांती म्हणून डोंगर चढतात. सगळे त्यांना पायपिटे म्हणतात. खरं आडनाव पगारपत्रकात असेल म्हणे. माझं पूर्वायुष्य कळल्यावर त्यांनी मला लगेच मास्तरीणबाई करून टाकलं.

आमचे प्रमुख डॉक्टर कुठलीही गोष्ट दशांश चिन्हाशिवाय बोलत नाहीत, म्हणून पाठीमागे ते दशांश. तळमजल्यावर स्कॅनचं यंत्र चालवणाऱ्या बाई दिवसभर माइकवर श्वास घ्या, धरा, सोडा म्हणतात, म्हणून त्या श्वासबाई. इथे रुजू होणाऱ्या प्रत्येकाचा एक स्कॅन यंत्राच्या चाचणीसाठी काढून त्या तीन हजारांत मिसळून टाकतात. माझाही काढला. आधी दिवस गेलेत का विचारलं. मी म्हटलं, या वयात नको बाई, तांबी बसवली आहे. त्यावर त्या म्हणाल्या की मग तुमचं चित्र छान येणार, मधोमध चांदणी. गंमत म्हणून त्यांनी तिथेच माझ्या मानेचा कोन मोजून सांगितला. एकशे सत्तावीस. अगदी पुस्तकातला.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुझ्यात पुस्तकातलं काहीतरी निघणारच होतं.

मंगळवार, ७ जानेवारी

पायपिट्यांनी काम शिकवलं. पडद्यावर हाडाच्या गोळ्यावर वर्तुळ बसवायचं, मानेच्या मधून एक रेघ, मांडीच्या हाडातून दुसरी. दोन रेघांमधला कोन पडद्यावर उमटतो. तो आकडा मात्र हाताने दुसऱ्या तक्त्यात भरायचा, कारण ही दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलत नाहीत. सख्खे भाऊच आहेत म्हणा, असं ते म्हणाले.

नियम कडक आहेत, आणि मला आवडले. भरलेला आकडा बंद केला की पुन्हा उघडत नाही. तेच चित्र काही दिवसांनी नव्या क्रमांकाने कुणाकडे तरी परत येतं. आधीचं माप दिसत नाही. कुठलीही दोन मापं दोन अंशांच्या आत जुळली की ते चित्र कायमचं मिटतं. नाही जुळली तर जुळेपर्यंत फिरत राहतं. मागाहून कुणी आकडे चापूनचोपून सारखे करू नयेत म्हणून ही व्यवस्था.

मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत ‘जे दिसतं तेच लिहायचं’ असं लिहून दोघांच्या टेबलांमधल्या भिंतीवर चिकटवलं. पायपिटे म्हणाले, वर्ग भरला.

शुक्रवार, १० जानेवारी

चूक झाली. चौथ्या दिवशी.

काल दुपारी एका चित्रात उजव्या मानेचा कोन १३१ दिसत होता. मी ११३ लिहिलं आणि बंद करून टाकलं. बोटं दाबून झाल्यावर डोळ्यांनी वाचलं. त्या चित्रातल्या हाडाच्या मानेत तिळाएवढा पांढरा ठिपका होता. तोच बघत बसले होते, लक्ष तिकडे होतं. शंभर ते दीडशेच्या बाहेरचा आकडा तक्ता घेत नाही, पण ११३ कसा निमूटपणे घेतला.

आज सकाळी दशांशांकडे जाऊन कबूल केलं. मला वाटलं होतं शाबासकी नाही तर निदान दुरुस्ती मिळेल. ते म्हणाले की उघडता येणार नाही, एकासाठी उघडलं तर सगळ्यांसाठी उघडावं लागेल. तीन हजारांत एक म्हणजे शून्य पूर्णांक शून्य तीन टक्के, सरासरीत मुरून जाईल. मी म्हटलं की चूक मला माहीत आहे, बरोबर आकडा मला माहीत आहे, मग लिहू का नये? त्यांनी मला माझाच आवडता नियम समजावून सांगितला.

पायपिट्यांचं म्हणणं, ते चित्र परत येईल तेव्हा १३१ लिहा, आणखी कुणी तेच लिहील, जुळेल, तुमचं ११३ कचऱ्यात. त्यांना पटतं तसं मला पटत नाही. रात्रभर तो ठिपका डोळ्यांसमोर होता.

सोमवार, २० जानेवारी

आलं. नवा क्रमांक, पण ठिपका तोच. मी खुर्चीत सरसावून बसले, वर्तुळ बसवलं, दोन रेघा ओढल्या.

१२८.

पुन्हा ओढल्या. १२८. पाच वेळा १२८. म्हणजे त्या दिवशी मी लिहिताना चुकलेच, शिवाय मोजतानाही चुकले होते? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! १३१ लिहायचा मोह झाला. पण समोर माझाच कागद. दिसलं ते लिहिलं. १२८.

दिवसभर कारणं शोधली. खुर्ची करकरते, माउस अडतो, पडद्यावर खिडकीतलं ऊन येतं. पण पाचही वेळा तोच कोन आला, तेव्हा दोष उन्हाचा नसावा.

मंगळवार, २८ जानेवारी

पुन्हा माझ्याकडेच. १२५.

आता माझ्या हाताला काही झालंय असं वाटून मी आजची सात चित्रं बंद करण्याआधी दोन-दोनदा मोजून पाहिली. सातही जुळली, एकाही अंशाचा फरक नाही. म्हणजे हात ठीक आहे. मग पडद्यावर बटरपेपर लावून त्या ठिपकेवाल्या हाडाची कडा पेन्सिलने गिरवून घेतली. वर तारीख घातली. पायपिट्यांनी विचारलं की मास्तरीणबाई, ब्लाउज बेतताय का.

दशांशांना सांगितलं. ते म्हणाले, माणसाच्या मापात एक पूर्णांक पाच अंशांचा फरक धरलेलाच असतो. मी म्हटलं इथे तीन आहे. दर वेळी तीन, दर वेळी खालीच. दोनने उतरलं असतं तर जुळून मिटलं असतं. त्यांनी घड्याळ पाहिलं.

पालथ्या घड्यावर पाणी.

सोमवार, ३ फेब्रुवारी

पायपिटे आज रिक्षाने आले. नवे बूट चावतात म्हणाले. जिन्यात कठडा धरलेला पाहून मीही सूड उगवला. कठडा हॉस्पिटलचा आहे म्हटलं. ते हसले, पण थांबूनच हसले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

हे नीट, क्रमाने लिहून ठेवायला हवं.

चहाच्या वेळी पायपिटे पाय चोळत बसले होते. उजवा. श्वासबाई वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, दाखवून घ्या, उगाच हिंडू नका. ते म्हणाले, माझं हाड दगडाचं आहे, तुम्हीच दोन वर्षांपूर्वी फोटो काढलात, विसरलात का? त्या म्हणाल्या, विसरेन कशी, हाडाच्या मानेत तीळ असलेला एवढा एकच प्राणी पाहिलाय मी.

मी कोणत्या बाजूला ते विचारलं. उजव्या.

कप खाली ठेवला. मी स्वतःला म्हणते आहे की सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. वाढत्या वयात पाय दुखतो. चोराच्या मनात चांदणं असतं, तसं हे. पण मग तीन-तीन अंश?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

तळमजल्यावर गेले. श्वासबाईंना म्हटलं, ते चित्र मूळ साठ्यातून काढून दाखवा. त्यांनी काढलं. तारीख दोन वर्षांपूर्वीची. त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. मी वहीतून बटरपेपर काढून पडद्यावर धरला. २८ तारखेची माझी पेन्सिलीची रेघ हाडाच्या वर राहिली. हाड तिच्याखाली उतरलं होतं, पाण्यात काठी वाकडी दिसते तसं.

श्वासबाईंनी स्वतः मोजलं. १२२. पडदा बंद केला. मग म्हणाल्या की त्यांचे पेशंट खोळंबलेत.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पायपिटे म्हणाले, काल त्या तीळवाल्या बाबाजीचं चित्र माझ्याकडे आलं होतं. माझंच असेल ना ते? कोन लिहून टाकला, स्वतःचा म्हणून काही वाढवून दिला नाही. किती ते सांगणार नाही म्हणाले, नियम आहे. मला माहीत होतं किती. १२२.

आणि आज ते माझ्याकडे. ११९. लिहिलं.

का लिहिलं? प्रत्येक वेळी मी खरं लिहिते आहे, आणि हाड एक-एक पायरी उतरत माझ्या खोट्या आकड्याकडे चाललं आहे. ११३ ला पोचलं की माप जुळेल. मिटेल. मग माझी चूक चूक राहणार नाही. ते त्यांचं हाडच असेल.

दशांशांना हे सगळं सांगितलं. हो, सगळं. त्यांनी दोन दिवस रजा घ्या म्हटलं. कर्मचाऱ्यांच्या मनःस्थितीसाठी एक डॉक्टर आहेत, मजला चार पूर्णांक शून्य, असं म्हणतील वाटलं. नुसतं चार म्हणाले. म्हणजे त्यांनाही गंभीर वाटत असावं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पायपिटे पाय ओढतात. उजव्या बुटात त्यांनी जाड तळवा घातला आहे. सुट्टीच्या दिवशी डोंगर नाही, गॅलरीत खुर्ची. बायको म्हणते बरं झालं, घरात दिसलात तरी, असं हसत सांगितलं.

दुपारी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले की मघाशी कळ आली तशी एका चित्रात काहीतरी भलताच आकडा पडला आणि बंदही होऊन गेला. कोणतं चित्र, कोणता आकडा, काही आठवत नाही. दशांशांना सांगू नका.

मी काय म्हटलं? सरासरीत मुरून जाईल म्हटलं. माझ्या तोंडून हे वाक्य निघालं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आलं. ११६ दिसत होतं.

मी १३१ लिहिलं.

आयुष्यात पहिल्यांदा न दिसलेला आकडा लिहिला. अठरा वर्षं मुलांना सांगत आले की चूक झाली तर चालेल, खोटं चालणार नाही. बंद केल्यावर वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. वाटलं, सुटले.

सुटले नाही. संध्याकाळी बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला — २० जानेवारीला मी १२८ लिहिलं होतं. आज १२७ लिहिलं असतं, १२६ लिहिलं असतं, तर त्याच्याशी जुळलं असतं. चित्र तिथेच मिटलं असतं. पायपिटे पुन्हा चालले असते. १३१ आणि १२८ मध्ये तीन अंश. एक अंश जास्त.

खोटं बोलतानाही मी नेमकंच बोलले. कसली ही खोड!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बैल गेला आणि झोपा केला. पुढचं माप माझ्याकडे आलं तर १२७. पण पायपिट्यांकडे गेलं तर —

त्यांना सांगितलं. वही दाखवली, बटरपेपर दाखवला. हात जोडले. तीळ दिसला की १२७ लिहा, एवढंच. ते आधी हसले. मग म्हणाले की मास्तरीणबाई, पाय माझा दुखतोय आणि रडताय तुम्ही. म्हणाले, डॉक्टर सांगतात झीज आहे, झीज. माझ्या हाडाचं माप मी खोटं लिहू? आणि भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं.

तो कागद मी फाडला. ते म्हणाले, फाडून काय होणार, पाठ झालाय.

गुरुवार, २० फेब्रुवारी — सकाळी ११

त्यांच्या पडद्यावर — माझ्या टेबलावरून दिसतो आहे — तो ठिपका.

उठून गेले. खांदा धरला. ओरडलेसुद्धा असेन. त्यांनी शांतपणे रेघ ओढली. म्हणाले, बघा, तुम्हीच बघा, दिसतंय ते ११३ आहे. मी म्हटलं १२७ लिहा, माझ्यासाठी लिहा. म्हणाले, तुमच्यासाठी जीव देईन, आकडा मागू नका.

लिहिलं. बंद केलं.

हिरवी खूण आली. जुळलं. चित्र मिटलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पायपिटे आले नाहीत. बायकोचा फोन आला. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला आणि तो जमिनीला पोचलाच नाही, असं त्या म्हणाल्या. दोन वेळा म्हणाल्या. पोचलाच नाही.

दशांशांनी चौकशी केली, दुसऱ्या वाक्यात बदली माणसाचं काय ते विचारलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

बदली मापनीस आला. उत्साही, काटेकोर. रेघ तीन-तीनदा ओढून पाहतो. टेबलाखाली पडलेला माझा फाटका कागद त्याने जोडून चिकटवला. म्हणाला, छान आहे, राहू दे.

दुपारी माझ्या पडद्यावर एका स्त्रीचं चित्र आलं. मधोमध इंग्रजी टीच्या आकाराची लख्ख रेघ. तांबी. तीन हजारांत अशा पन्नास तरी असतील. उगाच घाबरू नये. पण कोपऱ्यात तारीख आहे — ६ जानेवारी. त्या दिवशी चाचणीला एकटी मीच होते.

‘परत मापासाठी’. म्हणजे पहिलं कुणीतरी लिहून झालंय.

१२४.

श्वासबाई १२७ म्हणाल्या होत्या. पुस्तकातला.

पायपिट्यांना फोन केला. कळ आली त्या दिवशीचा आकडा आठवा म्हटलं. म्हणाले, नीट आठवत नाही हो. एकशे विसाच्या आसपास काहीतरी होतं. का विचारता?

काही नाही म्हटलं.

१२७ लिहिलं. आणखी एकदा १२७ पडलं की मिटेल. आणखी एकदाच.

बुधवार, २६ फेब्रुवारी

चौपन्न पायऱ्या. तीनदा थांबले.

बदली मापनिसाला समजावलं. तांबी दिसली की १२७. तो अदबीने ऐकत होता. मग मला चौथ्या मजल्याचं सुचवलं. दशांशांनी सांगून ठेवलं असणार.

माझ्याकडे येऊ दे. माझ्याकडेच —

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळपासून माझ्या पडद्यावर पुरुषच पुरुष. एक झालं की पुढचं. पटपट मोजते आहे, म्हणजे माझी पाळी लवकर —

बदली मापनिसाने मान वर केली. म्हणतो, बाई, जरा येता का, या चित्रात मधोमध काहीतरी चमकतंय. मी म्हटलं थांब. काही लिहू नको. हात माउसवरून काढ.

म्हणतो, मोजून झालंय, १२१, हिरवी खूणही आली. दिसतं तेच लिहितो.

उठते आहे. चार पावलं आहेत. उजवा पाय खाली टाकला, तो जमिनीला —